जूनमध्ये पाऊस आणि इतर आकस्मिक घटना

पुणे महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 12,618 कोटींचे होते. त्यात नालेसफाई होती, खड्डे होते, पावसाळी गटारेही होती. तरी पहिली सर आली की पालिका दचकतेच.

दचकण्यात सोय आहे. अपेक्षित काम करायचे तर पूर्वगणनपत्रक, निविदा, मुदतवाढ, फेरनिविदा, शिवाय कोणी तरी कोर्टात जाणारच. अनपेक्षित कामाला महापालिका अधिनियमाचे कलम 67 (3) (क) पुरते. अचानक संकट आले, किंवा येईलसे वाटले, तर आयुक्तांनी ताबडतोब हालचाल करावी, अंदाजपत्रकात नसलेला खर्चही करावा आणि स्थायी समितीला कळवावे. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले. तशा दिवशी हे कलम हाताशी असायलाच हवे. पण 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढा घरांत शिरला, 2024 च्या जुलैत एकतानगरी पाण्यात गेली, आणि खडकवासला धरणातून सोडलेले पाणी मुठेतूनच येते हा शोध आपल्याला दर खेपेस नव्याने लागतो.

आषाढी वारीच्या पालख्यांचे तसे नाही. त्यांची तिथी पंचांगातच छापलेली असते. म्हणून तर मार्गावरचे खड्डे आदल्या रात्री बुजवायचे. महिनाभर आधी बुजवले तर त्याला नियोजन म्हणावे लागेल, आणि नियोजनाला निविदा लागते.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच आले. मग कळवण्याचे काम फारच सुटसुटीत झाले. आयुक्तांनी खर्च करायचा, प्रशासकांना कळवायचे, आणि खबर खुद्द आयुक्तांकडून आल्यामुळे प्रशासकांनी शंका घ्यायचे कारण उरत नसे.

राहता राहिला पैसा. त्यासाठी वर्गीकरण आहे, म्हणजे एका कामाची तरतूद उचलून दुसऱ्याला देणे. समजा, ओढ्याच्या सीमाभिंतीचे पैसे खड्ड्यांकडे गेले. भिंत ‘निधीअभावी प्रलंबित’ झाली. पुढल्या पावसात ओढा आत शिरला की तीच भिंत तातडीची होते, आणि तिच्यासाठी पदपथाचे पैसे उचलता येतात. पदपथ खचेपर्यंत थांबायचे, एवढेच. यात कोणी कामचुकारपणा केला असे म्हणता येत नाही. प्रत्येक काम होतेच, फक्त ते आधी बिघडावे लागते.

पालिकेला पुढचे दिसत नाही असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. अंदाजपत्रकातली नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची ‘स’ यादी काढून पाहा. कोणत्या प्रभागात किती बाकडी, किती कापडी पिशव्या, किती बादल्या, याचा अंदाज वर्षभर आधी बांधलेला असतो आणि तो सहसा चुकत नाही. बाकड्यांची अचानक टंचाई झाल्याने 67-3-क वापरावे लागले, असे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.