शूरा

मिलानच्या बोलीत साठी ओलांडलेल्या, खाऊनपिऊन सुखी, मोत्यांची माळ घालूनच भाजी आणायला निघणाऱ्या बाईला ‘शूरा’ म्हणतात. मूळ अर्थ नुसता ‘बाई’ असा. पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या शूरेबरोबर ऑगस्टातले सहा दिवस समुद्रकाठी काढल्यावर माझी खात्री पटली, की हा शब्द मराठीत जसाच्या तसा चालेल.

ऑगस्टात मिलान ओस पडतं. १५ तारखेला फेर्रागोस्तो. सम्राट ऑगस्टसने आपल्या नावाने सुट्टी लावून दिली, चर्चने पुढे ती मेरीच्या स्वर्गारोहणाला जोडली, आणि इटालियन माणूस दोघांचाही मान राखून समुद्राकडे पळतो. न्हावी, वाणी, दातांचा डॉक्टर, साऱ्यांच्या दारावर ‘सुट्टीनिमित्त बंद’. “आणि तुम्ही इथे?” शूरेने मला लिफ्टमध्ये विचारलं. एकादशीला मटण आणताना पकडल्यासारखा मी ओशाळलो. दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीत होतो.

तिचं गाव फोर्ते देई मार्मी. तोस्कानाच्या किनाऱ्यावरचं, सायकलींचं आणि श्रीमंतांचं. चौकात १७८८ सालचा बुटका किल्ला, मागे आपुआन आल्प्सचे डोंगर. त्यांवरचे पांढरे पट्टे बघून मी ओरडलो, “ऑगस्टात बर्फ!” शूरेने काळा चष्मा बोटभर खाली घेतला. “संगमरवर आहे तो. मायकेलअँजेलो इथे दगड काढायला आला होता. त्याचा असा गैरसमज झाला नाही.”

इथला किनारा सरकारचा, पण वाळूवर रीतसर बसायचं तर ‘बान्यो’त पैसे भरून. बान्यो म्हणजे कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, कॉफी, आणि समुद्राकडे तोंड करून ओळीने उभे केलेले कापडी तंबू. पंगतीत पाट मांडावेत तसे. पाण्याला लागून पहिली रांग, तिचा मान मोठा. शूरेचा तंबू दुसऱ्या रांगेत, सासऱ्यांच्या काळापासून तोच. पहिल्या रांगेतलं एक कुटुंब कधीतरी घटस्फोट घेईल, या आशेवर ती कित्येक वर्षं आहे. युरोपच्या २००६ सालच्या एका नियमाने असे किनाऱ्याचे परवाने खुल्या स्पर्धेत काढायला सांगितले, तेव्हापासून त्यामागच्या डच गृहस्थाचं नाव, बोल्केस्टाइन, इथे दबक्या आवाजात घेतात. आमचे कोकणातले काका ‘कूळकायदा’ म्हणायचे, त्याच आवाजात.

पहिल्या सकाळी मी कडक इस्त्रीचा लिननचा शर्ट घालून हजर झालो. शूरेने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“लग्न आहे कोणाचं?”

मग मला कळलं, की लिनन चुरगळलेलंच हवं. पण कसंही चुरगळून चालत नाही. कोपराशी चुण्या हव्यात, पाठीवर नकोत. आपण आरशासमोर उभेच राहिलो नाही असं दिसायला आरशासमोर तासभर उभं राहायचं. या विद्येला इटालियनमध्ये ‘स्प्रेझ्झातुरा’ म्हणतात. बाल्दास्सारे कास्तिल्योने नावाच्या सरदाराने १५२८ साली छापलेल्या ग्रंथात दरबारी माणसाला ती शिकवली: कष्ट घ्यावेत, पण दिसू देऊ नयेत.

दिवसाची शिस्त तर आमच्या आजीच्या सोवळ्याला लाजवणारी. अकरा वाजून गेले की दुधाची कॉफी वर्ज्य. मी साडेअकराला कापुच्चिनो मागवला, तेव्हा शूरेने शेजारच्या तंबूकडे बघत “भारतीय आहेत” असं सांगून माझी आणि देशाची एकदमच माफी मागून टाकली. जेवल्यावर तीन तास पाण्यात जायचं नाही, पचन थांबतं. तिचा नातू घड्याळ बघत वाळूत बसून राहतो, जामीन होण्याची वाट बघणाऱ्या आरोपीसारखा. ओला पोशाख अंगावर ठेवायचा नाही. मानेला वारा लागू द्यायचा नाही. पस्तीस डिग्रीतसुद्धा पर्समधून रेशमी रुमाल निघतो. चार वाजता बोंबोलोनेवाला ओरडत येतो. क्रीम भरलेला हा तळलेला गोळा मुलांना मिळतो, शूरा फक्त त्याच्याकडे बघते.

ऊन घेणं हे मुख्य काम. सूर्य सरकेल तशी खुर्ची सरकते, पाठीला जितकी मिनिटं तितकीच पोटाला. आमच्याकडे पापड वाळवताना इतकं लक्ष कोणी देत नाही. हातात १९३२ पासून दर आठवड्याला निघणारं कोड्यांचं मासिक. हो, साप्ताहिकच, पण ती एक अंक महिनाभर पुरवते. शब्दकोडं शाईच्या पेनाने सोडवते, आणि शब्द चुकला तर चौकोन चुकलाय म्हणते.

एवढं सगळं समुद्रासाठी, पण समुद्रात ती घोट्यापर्यंतच जायची. दिवसातून दोनदा, सोन्याच्या बांगड्यांसकट, पाण्याच्या कडेने चालायला. “केस,” असं एका शब्दात कारण द्यायची. त्या केसांवरून वारासुद्धा वळसा घालून जात असावा.

पाचव्या संध्याकाळी माझा चष्मा तंबूत राहिला म्हणून मी परत गेलो. सात वाजून गेले होते. बान्योवाल्याने खुर्च्या मिटल्या होत्या, वाळूवर दंताळं फिरवलं होतं. खोल पाण्यात एकच डोकं दिसत होतं. लांब, सरळ, सराईत हात मारत ते बोयापर्यंत गेलं, उलटं झालं आणि पाठीवर पडून आकाशाकडे बघत राहिलं. केस पाण्यावर पसरलेले. सहा वाजता आम्ही दोघांनी तळलेले मासे खाल्ले होते. मी घड्याळ पाहिलं: सव्वा तास.

तेवढ्यात तिनेही मला पाहिलं. मी चटकन वळलो, चष्मा उचलला आणि घाईघाईने, शर्ट कसाबसा खोचत, सायकलवर बसलो.

सकाळी ती नेहमीसारखी आली. केस जागच्या जागी, माळ जागच्या जागी.

“काल संध्याकाळी वारा फार होता,” ती म्हणाली. “मी घराबाहेर पडलेच नाही.”

“बरं केलंत,” मी म्हणालो. “मीही नाही.”

तिने चष्मा बोटभर खाली घेतला. रात्री खुर्चीवर फेकलेला कालचाच शर्ट माझ्या अंगात होता. कोपराशी चुण्या पडल्या होत्या.

“आज जमलं तुम्हाला,” शूरा म्हणाली.