चौथी फेरी

कासा-सायवन रस्त्यावर पहाटे पोरं पळताना दिसतात. कुणाच्या पायात झिजलेले बूट, कुणी अनवाणी, डोक्यात पोलीस भरती. १६०० मीटर म्हणजे मैदानावर चारशेच्या चार फेऱ्या, आणि त्यांचे २० गुण. परवा त्यांच्यातला एक धाव संपवून टपरीशी आला, बाहीनं घाम पुसला आणि बिडी पेटवली. मी म्हटलं, "आत्ताच पळालास ना रे?" तर म्हणतो, "काका, दम चांगला आहे. शेवटी मांड्याच भरून येतात."

मांड्याच भरून येतात! दुखणं त्यानं नेमकं सांगितलं. त्यात बिडीचा हात आहे, हे मात्र त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आपण या पोरांना कर्करोगाची भीती घालतो. पन्नाशीतलं संकट विसाव्या वर्षी कुणाला दिसतं? त्याला चौथ्या फेरीचं सांगा. ती त्याला कळते.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं त्याला धरतं. एसटी वेळेवर सुटावी, पण जागा अडवून बसलेला उतरूच नये, तसं. रक्त मांडीपर्यंत पोचतं, ऑक्सिजन कमी पोचतो. रक्तातला हा वायू अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात. म्हणजे पळण्याआधी ओढलेली बिडी चारही फेऱ्या सोबत धावते. आणि बिडी साधी, पानातली, असं समजू नका. ती सारखी विझते, म्हणून जोरानं आणि वारंवार ओढावी लागते. तिच्या धुरातला हा वायू सिगारेटपेक्षा कमी नसतो.

२००८ साली युरोपातल्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या मांडीचे स्नायू तपासले. धूम्रपान न करणाऱ्यांइतकाच जोर भरला, पण स्नायू लवकर थकले. फसगत होते ती इथेच. गोळाफेक ठीक जाते, जोर-बैठका निघतात, मग पोराला वाटतं बिडीनं काय बिघडलं? बिघडतो तो टिकाव.

"आमचा आजा बिडी ओढून महालक्ष्मीचा गड चढायचा," हे मला हमखास ऐकवलं जातं. चढत असेल. पण आजाच्या पुढे कुणी स्टॉपवॉच धरलं नव्हतं. नातवाचा निकाल सेकंदावर लागतो. आणि बिडी नसती तर आजा किती चढला असता, ते कुणी मोजलंय? ज्या मुलखात पोरं तारप्याभोवती रात्रभर नाचतात, तिथल्या पायांत मुळात कमी काहीच नाही. ते पाय आपण धुरात घालवतोय, याचा मला राग येतो.

आता खरी बातमी. २०२१ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला: धूम्रपान सोडल्यावर १४ दिवसांत स्नायूंचा टिकाव सुधारला. फक्त १४ दिवस! भरतीची तयारी पोरं महिनोन्‌महिने करतात, त्यातले दोन आठवडे. मी त्या पोराला हे सांगितलं. त्यानं बिडी विझवली नाही, पण विचारलं, "पंधरा दिवसांत खरंच फरक पडंल?" इतक्या वर्षांत या विषयावर मला कुणा पोरानं विचारलेला हा पहिला प्रश्न.

सोडणं सोपं नाही, निकोटीन ओढतंच. त्यात बिडी हाताशी. सुटी बिडी-सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी टपरीच्या खांबाला सुतळीनं लायटर लटकलेला असतो. अख्खं बंडल घेणाऱ्याकडे स्वतःची काडेपेटी असते. तो लायटर एक-एक घेणाऱ्यासाठीच असतो. पोरं पळायला येतात त्या रस्त्यावरचे तेवढे लायटर तरी गावानं, या भरतीच्या आधी, सोडवून न्यावेत.