सातबारा नसलेला कोड

‘चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?’

सॉफ्टवेअरच्या धंद्यातलं हे सर्वांत महागडं वाक्य आहे. बिल येतं उशिरा, आणि ते भरतं भलतंच कुणी.

जावात लिहिलेले पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे वेब प्रकल्प आजही बँकांत, विमा कंपन्यांत, सरकारी खात्यांत चालू आहेत. हिंजवडीत आणि ऐरोलीत बसून मराठी मुलंमुली ते सांभाळतात. त्यांना कोरा लॅपटॉप द्या आणि म्हणा, यावर पहिल्यापासून बिल्ड काढून दाखवा. कितीजणांचा निघेल?

बिल्ड काढायचा म्हणजे लिहिलेल्या कोडपासून सर्व्हरवर चढवायची ‘वॉर’ फाइल तयार करायची. हे काम एका आज्ञेत व्हायला हवं. जुन्या प्रकल्पांत ते एका माणसाच्या मशीनवरच्या एक्लिप्स या एडिटरमध्ये होतं. तो रजेवर गेला की रिलीजही रजेवर.

त्याने राजीनामा दिला तर?

अपाची अँट २००० साली आलं. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी ते टॉमकॅट या सर्व्हरचा बिल्ड काढण्यासाठी लिहिलं होतं. त्या काळी ते वरदानच होतं. हे फोल्डर कर, ते कंपाइल कर, अमुक तिकडे कॉपी कर, अशा पायऱ्या एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहायच्या आणि अँटने त्या मुकाट्याने करायच्या. पण कुठली लायब्ररी, कुठल्या आवृत्तीची, कुठून आणली, हे नुसतं अँट विचारत नाही. मग लोकांनी वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरात लायब्रऱ्यांच्या फाइली, म्हणजे जार, ओतल्या. कुणी नावातला आवृत्तीचा आकडा काढून टाकला, कुणी ‘न्यू’ जोडलं, कुणी ‘फायनल’. वर्षं लोटली. आता त्यातली एकही काढायची हिंमत कुणात नाही.

लायब्रऱ्यांचा हिशेब ठेवणारी बिल्डची अवजारं पुढे आलीच : मेव्हन १.० आलं २००४ मध्ये, मेव्हन २ पुढच्याच वर्षी, ग्रेडल १.० २०१२ मध्ये. ‘नवं तंत्रज्ञान आहे, जरा स्थिरावू दे’ म्हणणाऱ्यांनी आता दुसरं कारण शोधावं.

मेव्हनची पॉम फाइल म्हणजे प्रकल्पाचा सातबारा. प्रत्येक लायब्ररीचा गट, नाव आणि आवृत्ती तिथे लिहिलेली असते, आणि त्या लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या मेव्हन स्वतः ओढून आणतं. वाद झाला तर कागद पुढे करता येतो. लिब फोल्डरवाल्यांकडे फक्त ताबा आहे.

कागदाची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये कळली. लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत भोक सापडलं. सीव्हीई-२०२१-४४२२८, तीव्रता दहापैकी दहा. जगभर प्रत्येक कंपनीत एकच प्रश्न विचारला गेला : आपल्याकडे हे आहे का, आणि कुठली आवृत्ती? ज्यांच्याकडे पॉम होती त्यांनी डिपेंडन्सी ट्री काढला आणि उत्तर दिलं. बाकीच्यांनी सर्व्हरवर सर्व्हर पालथे घातले.

‘आमच्याकडे तर जुनं १.२ आहे, आपण वाचलो’ म्हणणारेही होते. त्या १.x चा पाठिंबा ऑगस्ट २०१५ मध्येच संपला होता. याला वाचणं म्हणतात?

२०१७ मध्ये अमेरिकेत इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीमधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. दार होतं अपाची स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कमधल्या भोकाचं. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. पण ते स्ट्रट्स आपल्याच कुठल्या यंत्रणेत बसलंय, हे कंपनीने केलेल्या तपासणीत सापडलंच नाही. औषध हातात, रोगी बेपत्ता.

म्हणून अँटवरून मेव्हनवरचं स्थलांतर ही फॅशन नाही. आपल्या घरात काय आहे हे माहीत असण्याचा तो किमान हक्क आहे.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. हे उत्साही असतात. मेव्हन आणायचंच आहे तर जावा ८ वरून १७ वर जाऊ, स्प्रिंग बूट ३ घेऊ, टॉमकॅट १० वर चढू, जाता जाता मायक्रोसर्व्हिसेसही करून टाकू! आराखडा देखणा असतो. पहिल्या आठवड्यात शेकडो एरर येतात आणि कुठली कशामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.

येणार कसं? जावा ११ मधून जॅक्स-बी ही एक्सएमएल हाताळणारी सोय काढून टाकलीय, म्हणून काही वर्ग सापडत नाहीत. टॉमकॅट १० मध्ये पॅकेजांच्या नावांत जावाएक्स जाऊन जकार्ता आलंय, म्हणून सर्व्हलेटच ओळखले जात नाहीत. आणि मेव्हनमध्ये एक नोंद चुकलीय, म्हणून बाकीचे. तिन्ही गोष्टी एकत्र केल्यात तर तिन्ही फसतील. दोन महिन्यांनी कुणीतरी जुना अँट परत चालू करेल आणि म्हणेल, ‘मी सांगतच होतो!’

एका वेळी एकच बदल. फक्त बिल्ड. बाकी सगळं जसंच्या तसं.

फोल्डरांची रचनाही लगेच मोडू नका. मेव्हनला सोर्स-मेन-जावा ही मांडणी आवडते हे खरं, पण तुमचा कोड आणि जेएसपी कुठे आहेत हे त्याला सांगता येतं. बेनामी जारची ओळख पटवायची तर तिचा शा-वन चेकसम काढा आणि मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारात शोधा. मूळ जार तिथली असेल तर नाव आणि आवृत्ती हाती येते. ती २००६ ची निघाली तरी आज तीच नोंदवा. लाजायचं कारण नाही. आधी खरी नोंद, मग सुधारणा.

नाहीच सापडली तर? तर ती एकतर सेंट्रलवर कधी आलीच नव्हती, नाहीतर कुणीतरी हाताने बदललेली आहे. असा शोध लागला की चहा थंड होतो, पण तो आज लागलेला बरा.

आणि जुनी वॉर फेकू नका, ती उत्तरपत्रिका आहे. नवी वॉर निघाली की दोन्ही उघडा आणि फाइल-फाइल ताडून बघा. इथेच खरे चोर सापडतात. जावा कोडच्या शेजारी ठेवलेल्या हायबरनेटच्या मॅपिंग फाइली अँट इमानाने कॉपी करत होतं. मेव्हन डीफॉल्टने तिथून फक्त जावा उचलतं. बिल्ड हिरवा, अ‍ॅप्लिकेशन चालू, आणि पहिल्याच क्वेरीला आडवा. दुसरा चोर सर्व्हलेट एपीआयची जार. ती टॉमकॅटकडे असतेच, तुम्ही वॉरमध्ये आणखी एक कोंबायची नाही. ‘प्रोव्हायडेड’ एवढा एक शब्द लिहायचा असतो, आणि तोच राहून जातो.

मराठीत चालणाऱ्या अ‍ॅप्लिकेशन्ससाठी आणखी एक धोक्याची जागा आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. जावा ८ पर्यंत प्रॉपर्टीज फाइल लॅटिन अक्षरांची आहे असं धरून वाचली जायची. म्हणून देवनागरी मजकूर नेटिव्ह-टू-अ‍ॅस्की नावाच्या अवजाराने सांकेतिक रूपात बदलावा लागे, आणि अनेक प्रकल्पांत ती पायरी अँटच्या फाइलमध्ये कुठेतरी मधोमध दडलेली असे. नव्या बिल्डमध्ये ती गळाली की ‘अर्जदाराचे नाव’च्या जागी चित्रविचित्र चिन्हं उमटतात. इंग्रजी स्क्रीन मात्र ठणठणीत. चाचणी करणारा इंग्रजीच बघतो, आणि गावातला अर्जदार मराठी.

मग चूक कुणाची? चाचणीत मराठी स्क्रीन उघडून बघणं हे कुणाच्याच यादीत नसतं. ते घाला.

‘आम्ही मेव्हन कधीच केलंय’ म्हणणाऱ्यांनीही छाती फुगवू नये. १५ जानेवारी २०२० पासून मेव्हन सेंट्रल साध्या एचटीटीपीवरून काही देत नाही. जेसेंटर हे दुसरं भांडारही मोडीत निघालं. जुन्या पॉममध्ये ते जुने एचटीटीपी पत्ते असतील तर कोऱ्या मशीनवर बिल्ड फुटणारच. तुमच्या लॅपटॉपवर निघतो, कारण जार तिथे आधीच साठवलेल्या आहेत. ओरॅकलचा ड्रायव्हर सेंट्रलवर मिळत नाही, ही सबब एकेकाळी खरी होती. तो २०१९ पासून मिळतो.

तांत्रिक अडचणी म्हणाल तर एवढ्याच, सगळ्या माहितीतल्या आणि सुटणाऱ्या. खरी अडचण वेगळी आहे. या कामाचं बिल कुणाला लावायचं?

ग्राहक म्हणतो, स्क्रीनवर काही बदललं नाही, मग पैसे कसले? मॅनेजर म्हणतो, स्कोपमध्ये नाही. मग काम नव्या भरतीच्या पोराच्या गळ्यात पडतं, ‘तेवढंच शिकायला मिळेल’ म्हणून. ज्याला प्रकल्पाचा इतिहास माहीत नाही त्याला इतिहास उकरायला बसवायचं, ही कुठली पद्धत? हे काम सर्वांत जुन्या, सर्वांत जाणत्या माणसाचं आहे. तो कंपनीत आहे तोवरच ते होईल.

आणि ग्राहकांनो, विशेषतः सरकारी खात्यांनो, सोर्स कोड ताब्यात घेताना नुसती फोल्डर मोजून सही करू नका. करारात एक अट घाला : कोऱ्या मशीनवर, तुमच्या माणसासमोर, एका आज्ञेत बिल्ड निघाला पाहिजे. निघाला तर शेवटचा हप्ता. जनतेचा पैसा आहे, बिल्ड न निघणाऱ्या कोडवर तो घालवायचा अधिकार कुणालाही नाही.

तुम्ही असा प्रकल्प सांभाळत असाल तर सोमवारी एवढं करा. रिकाम्या मशीनवर कोड उतरवून घ्या आणि बिल्ड काढून बघा. नाही निघाला, तर कुठे अडला ते लिहून मॅनेजरला मेल करा. तोंडी सांगू नका.