सूर्य उत्तरेला नेणारा माणूस

भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या गल्लीत ‘थ्रीडीवाला कुठं बसतो?’ असं विचारलं की पानवाला चुन्याचं बोटही न पुसता त्याच बोटानं जिना दाखवतो. खाली लूमची खडखड, वर एक खोली, खोलीत एसी. हा एसी कॉम्प्युटरसाठी असतो. माणूस त्यात आश्रित म्हणून बसतो. आतल्या ग्राफिक्स कार्डाची किंमत खाली लावलेल्या मोटरसायकलपेक्षा जास्त, त्यामुळे मोटरसायकल पावसात भिजते आणि कार्डाला गार हवा मिळते. लूमचे हादरे बसू नयेत म्हणून सीपीयूखाली ग्रे कापडाची चौपदरी घडी घातलेली असते.

व्हिजिटिंग कार्डावर तो ‘आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझर’ असतो. वस्ती त्याला थ्रीडीवाला म्हणते आणि बिल्डर ‘अपना व्ह्यूवाला लडका’ म्हणतो. हा लडका चाळिशीला टेकलेला असतो. जी इमारत अजून उभी नाही तिचा फोटो काढून देणं, हा त्याचा धंदा.

त्याला खुलवायचं असेल तर कामाचं विचारू नये, सॉफ्टवेअरचं विचारावं. व्ही-रेचं नाव काढताच तो ताठ बसतो. बल्गेरियातल्या सोफियाच्या केऑस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. ते घडवणाऱ्या व्लादिमिर कोयलाझोव्ह यांना २०१७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं तंत्रज्ञानाचा पुरस्कार दिला, हे तो घरच्या लग्नाची बातमी सांगावी तसं सांगतो. पलीकडच्या गल्लीतला त्याचा प्रतिस्पर्धी कोरोनावाला. कोरोना हे २००९ मध्ये प्रागमधल्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलेलं सॉफ्टवेअर. २०२० साली ‘कोरोनात केलंय’ असं सांगून पेनड्राइव्ह पुढे करणं किती अवघड झालं असेल, याची कल्पना करावी. तिसरा आहे एन्स्केपवाला, ते जर्मनीतलं. तिघांची चहाच्या टपरीवर हमरीतुमरी चालते. मौज अशी की केऑसनं कोरोना २०१७ मध्ये विकत घेतलं आणि २०२२ मध्ये एन्स्केपही त्यांच्यात सामील झालं. तिन्ही पक्ष तिकडे एका छपराखाली नांदतात; भांडण तेवढं निजामपुऱ्यात उरलंय.

भांडणाचं मूळ मात्र खरं आहे. व्ही-रे आणि कोरोना प्रकाशाचा एकेक किरण भिंतीवर, फरशीवर, काचेवर कसा आपटून उडेल याचा हिशेब करत बसतात. या हिशेबाचं समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं. हिशेब अर्धवट राहिला तर चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात, म्हणून तो पुरा होऊ द्यावा लागतो. उलट लुमियन, ट्विनमोशन, डी-५ ही मंडळी व्हिडिओ गेमच्या वळणाची. ट्विनमोशन तर २०१९ पासून ‘फोर्टनाइट’ काढणाऱ्या एपिक गेम्सच्याच घरात आहे. ही मंडळी सगळे किरण मोजत नाहीत, बरेचसे अंदाजानं भागवतात आणि चित्र काही सेकंदांत हातावर ठेवतात.

आता एक मिनिटाचा वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरवून आणणारी फिल्म, घ्या. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे मिनिटाला १५००. एका चित्राला सहा मिनिटं लागली तर १५० तास, म्हणजे सव्वासहा दिवस. तेच चित्र दहा सेकंदांत निघालं तर चार तास दहा मिनिटं. आणि क्लायंटची मुदत एकच असते: ‘उद्या सकाळी’. त्यामुळे रात्रभर व्ही-रेची महती सांगणारा हा माणूस पहाटे तीनला गुपचूप लुमियन उघडतो.

ब्लेंडरचं तो आदरानं बोलतो, कारण ते फुकट आहे. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि ब्लेंडर सगळ्यांसाठी खुलं झालं. ‘फ्लो’ हा लॅटव्हियाचा सिनेमा त्यात केला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्करही मिळालं. ही हकिगत त्यानं सांगून संपवली की समोरचा क्लायंट चहाचा कप खाली ठेवून विचारतो, ‘वो ठीक है भाई, लेकिन गेट छोटा क्यूँ लग रहा है?’

क्लायंट तीन जातींचे. पहिला गोदामवाला. मानकोली, राहनाळ, वळ, पूर्णा या पट्ट्यात पत्र्याची शेड बांधायची असते. तिच्यामागे त्याला सूर्यास्त हवा असतो आणि पुढे चाळीस फुटी कंटेनर. दुसरा जमिनीला भाव आल्यावर बंगला बांधणारा. त्याला रोमन खांब, गच्चीवर सिंह आणि पोर्चमध्ये फॉर्च्युनर लागते. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली युरोपियन गाडी त्याला चालत नाही. ‘दादा, गाडीचा नंबर दिसाला पायजे,’ एवढीच त्याची अट. बंगल्याचा जिना विसरला तरी हरकत नाही, नंबर विसरून चालत नाही.

तिसरा बिल्डर. महापालिकेच्या नावात भिवंडीबरोबर निजामपूर आहे, पण याच्या ब्रोशरमध्ये दोन्ही नसतात. इमारत ‘ठाण्याला लागून’ असते आणि समोरून मेट्रो जाते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. भिवंडीकरांना मेट्रोनं पहिलं दर्शन दिलं ते थ्रीडीवाल्याच्या चित्रांतून; तिथे ती रिकामी धावते आणि खिडकीची जागा हमखास मिळते.

बिल्डरला ‘एकदम रिअलिस्टिक’ हवं असतं. म्हणजे समोरच्या विजेच्या तारा, टेम्पो, खड्डे आणि शेजारची लूमची शेड पुसायची आणि तिथे बाग लावायची. लायब्ररीतली झाडं परदेशी, त्यामुळे कामवारी नदीच्या काठी मेपल बहरतो. माणसंही तिकडचीच. ‘ये गोरी कौन है?’ असं बिल्डरच्या वडिलांनी विचारलं की कुत्रा फिरवणारी बाई जाते आणि सलवार-कुर्त्यातली येते. कुत्रा कधीकधी राहून जातो.

त्याची खरी करामत इमारत उत्तराभिमुख असली की दिसते. सॉफ्टवेअरमध्ये भिवंडीचे अक्षांश-रेखांश आणि डिसेंबरची तारीख टाकली की सूर्य इमानदारीनं दक्षिणेकडून जातो आणि इमारतीचं तोंड दिवसभर सावलीत राहतं. बिल्डर म्हणतो, ‘फ्रंट काळा कशाला?’ थ्रीडीवाला वाद घालत नाही. माऊसनं उत्तरेचा बाण धरतो आणि फिरवतो. दर्शनी भाग उजळतो, बिल्डर खूश होतो, वास्तुशास्त्राचा सल्लागारही खूश होतो. उत्तर दिशा हलवण्याचं सामर्थ्य त्या सल्लागाराकडेही नसतं.

आतल्या व्ह्यूचं तंत्र वेगळं. ४५० चौरस फुटांच्या घरात कॅमेरा भिंतीच्या पलीकडे ठेवून रुंद लेन्स लावतात, म्हणजे हॉलला मैदानाचा ऐसपैसपणा येतो. तेवढ्यानं भागलं नाही तर सोफा निवडून शंभराचा पंच्याऐंशी टक्के करतात. त्या सोफ्यावर बसायचं तर घेणाऱ्यालाही तेवढंच आकसावं लागेल. पण कॉम्प्युटरवरचं चित्र फोटो म्हणून खपवण्यात तो एकटा नाही. इकेया कंपनीनं २००६ मध्ये ‘बर्टिल’ नावाच्या खुर्चीचं पूर्ण कॉम्प्युटरवर केलेलं चित्र कॅटलॉगात छापलं आणि ते सहज खपून गेलं. फरक एवढाच की बर्टिल खुर्ची दुकानात त्याच मापाची मिळत होती.

एवढं करून सहा तास शिजवलेलं चित्र क्लायंट पाहतो व्हॉट्सअॅपवर, चित्र आकसून आलेलं, तेही उन्हात उभं राहून, फुटक्या स्क्रीनच्या फोनवर. ‘थोडा ब्राइट करो.’ केलं. ‘नैचरल नहीं लग रहा.’ कमी केलं. मग तो फोन बायकोला दाखवतो आणि रंग बदलतो. बिलाच्या वेळी शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘एकच तर फोटो आहे.’

म्हणून सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं विचारायला येणाऱ्या नव्या पोरांना तो गंभीर चेहऱ्यानं सांगतो, की एक सावकाश चालणारं शीक आणि एक भरभर पळणारं. पहिल्यानं नाव होतं, दुसऱ्यानं घरभाडं निघतं. निजामपुऱ्यात याहून शहाणा सल्ला मिळणार नाही.

बिल्डरला धास्ती एकाच गोष्टीची आहे. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याच्या १२व्या कलमानुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई मिळू शकते, आणि व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मिळू शकतात. म्हणून तो थ्रीडीवाल्याला कोपऱ्यात ‘चित्र प्रातिनिधिक’ असं लिहायला लावतो, मुंगीनं वाचावं अशा अक्षरात. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं, म्हणजे या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणानं, जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. तो कुठे ठेवावा यावर अर्धा तास चर्चा होते आणि शेवटी एक मेपल तोडावा लागतो.

भिवंडीत घर बघायला निघालेल्यांनी चित्राचं कौतुक जरूर करावं, कारण त्यामागे कुणाची तरी रात्र गेलेली असते. पण चेक फाडण्याआधी मेपलच्या जागचा तो कोड स्कॅन करावा. मंजूर नकाशा, कार्पेट एरिया आणि ताब्याची तारीख तिथे असते, आणि तिथली उत्तर दिशा उत्तरेलाच असते.