फ्लॅश पडलाच नाही!

आमच्या घराण्यात फ्लॅश पडल्याशिवाय फोटो निघाला असं कुणी मानत नाही. फ्लॅश म्हणजे फोटोची पोचपावती. ती मिळेपर्यंत आत्या ओठांवरचं हसू सोडत नाही, काका आत ओढलेलं पोट सोडत नाहीत, आणि तोवर मी फोटो काढून कॅमेऱ्याला झाकणसुद्धा लावलेलं असतं.

"अरे, काढ ना!"

"काढला की, आत्या."

"कधी? फ्लॅश कुठे पडला?"

"लावलाच नव्हता."

यावर आत्या काकांकडे बघते. कॅमेरा बिघडलाय, पण एवढा महागाचा घेतलाय म्हणून पोरगं कबूल करत नाही, असा त्या बघण्याचा सरळ अर्थ असतो. काका पोट पूर्ववत करत विचारतात, "मोबाइल आहे का रे कुणाकडे?"

त्यांचंही चूक नाही. त्यांचं फोटोशास्त्र रिळाच्या काळात पक्कं झालं. रीळ 36 फोटोंचं, तेही बहुतेक वेळा 100 एएसएचं. ट्यूबच्या उजेडातल्या दिवाणखान्यात त्या रिळावर फोटो घ्यायचा तर शटर साधारण सेकंदाचा आठवा भाग उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात बारशाचं बाळ हलायचं, बाळाला धरलेली आजी हलायची आणि फोटो काढणाऱ्याचे हातही हलायचे. फ्लॅशचा लखलखाट मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो, त्यामुळे अख्खं घराणं जागच्या जागी थिजायचं. आता कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे पूर्वीचा एएसएच, 1600 वर नेला की तोच आठवा भाग एकशेपंचविसावा होतो आणि बाळाने थोडंफार हातपाय झाडले तरी चालतं. हे सगळं मी आत्याला एकदा नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "असू दे रे. पुढच्या वेळी फ्लॅशवाला घे."

माझा फ्लॅशवर राग आहे तो त्याच्या बसायच्या जागेवरून. भिंगाच्या डोक्यावर बसून तो समोरच्याच्या थेट तोंडावर येतो. नाकाची सावली जाते, गालाची गोलाई जाते, कपाळ तेवढं चकाकतं. आणि अंतर वाढेल तसा त्याचा उजेड कमी होतो तो वर्गाच्या हिशेबाने. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव. म्हणजे पुढच्या खुर्चीवरचे काका दोन मीटरवर आणि मागे भिंतीशी उभे असलेले धाकटे जावई चार मीटरवर असतील, तर जावयांच्या वाट्याला काकांच्या उजेडाचा चौथा हिस्सा येतो. आमच्याकडच्या वाटण्या एरवीही अशाच होतात, पण अल्बममध्ये त्या कायमच्या नोंदल्या जातात.

शिवाय ते लाल डोळे. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. फ्लॅश भिंगाला चिकटूनच असल्यामुळे त्याचा उजेड सरळ आत शिरतो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याकडून रक्ताचा लाल रंग घेऊन सरळ भिंगात परत येतो. छत्तीस गुण जुळलेलं, पत्रिकेत दोन्हीकडून देवगण असलेलं जोडपं सत्यनारायणाच्या फोटोत राक्षसगणात गेलेलं मी पाहिलेलं आहे.

आणि तरीही लोक वानखेडेच्या वरच्या गॅलरीतून फलंदाजावर फ्लॅश मारतात. कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशचा मार्गदर्शक अंक साधारण 12 धरा. त्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागलं की त्याची पोच कळते. आयएसओ 100 आणि एफ 4 असेल तर उत्तर तीन मीटर. तीन मीटरवर फलंदाज नसतो, पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं टक्कल असतं. ते मात्र उत्तम येतं.

फ्लॅश बंद करून काय मिळतं हे बघायचं तर अजिंठ्याला जावं. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथली चित्रं त्या अंधुक उजेडातच, शटर बराच वेळ उघडं ठेवून टिपली. त्यांची सोय अशी की पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दीड हजार वर्षं जागचा हललेला नाही. तो 'झालं का?' असं विचारत नाही, मध्येच चहा ठेवायला उठत नाही.

आमच्या घरात हे सगळं होतं. सकाळी नऊच्या सुमारास आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी मेथी निवडायला बसते. उजेड डावीकडून येतो, गजांवरून घसरत ओट्यावर उतरतो. चष्म्याची काडी, कानामागे खोचलेली पांढरी बट, अंगठ्याच्या नखाखालचा हिरवा डाग, सगळं आपापल्या जागी सुटं सुटं दिसतं. गालाची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत. मी कॅमेरा उचलतो.

"थांब! गाऊनवर नको काढूस. साडी नेसून येते."

साडी नेसून, केस विंचरून, पावडर लावून ती परत येते तेव्हा ऊन शेजारच्या इमारतीच्या टाकीवर गेलेलं असतं आणि मेथी बायकोने निवडून टाकलेली असते. आई खुर्चीत ताठ बसते, हात मांडीवर घेते आणि म्हणते, "हं, पाड आता फ्लॅश."

खिडकीसमोरच्या सावलीत थोडा उजेड परतवायचा असेल तर पांढरं काहीतरी समोर धरावं लागतं. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलेलं असताना वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून येणाऱ्या उजेडाने आकाशाचा उजेड उभा केला. ही 1956 सालच्या सिनेमाची गोष्ट. दिग्दर्शक सत्यजित राय त्यांच्या पाठीशी होते. माझ्या पाठीशी बायको होती आणि तिचं म्हणणं होतं, "ती चादर आत्ता धुऊन आणलीये." त्यामुळे माळ्यावरचा थर्मोकोल काढला. महाराष्ट्रात 2018 मध्ये बंदी आली त्याआधीच्या गणपतीच्या मखराची ती पाठ. भाचा ती धरून उभा राहतो. त्याचा दर एका फोटोला एक कॅडबरी असा आहे.

या नादात घरातल्या प्रत्येक खिडकीचा स्वभाव मला कळला. पश्चिमेची गॅलरी संध्याकाळी पाचनंतर बरी. हॉलच्या खिडकीसमोर नारळाचं झाड, त्यामुळे चेहऱ्यावर झावळ्यांचे पट्टे. मात्र आमच्या फ्लॅटमधला सर्वांत मऊ, सर्वांत समान, कुणाचंही वय दहा वर्षांनी कमी करणारा उजेड येतो तो संडासाच्या दुधी काचेच्या खिडकीतून. खरखरीत काचेत ऊन फुटतं, पसरतं आणि सगळीकडून अलगद येतं. मोठमोठे फोटोग्राफर यासाठी महागड्या छत्र्या वापरतात. मेहुणीच्या स्थळासाठी लागणारा फोटो तिथे दार उघडं ठेवून काढावा, असं मी सुचवलं. त्यानंतर काही दिवस सासुरवाडीचे फोन थेट बायकोच्याच मोबाइलवर येत होते.

दुसऱ्याच्या घरी तर अडचण आतिथ्याचीच. तुम्ही खिडकीतल्या उजेडाचा अंदाज घेत उभे आहात, तेवढ्यात यजमान म्हणतात, "अहो, अंधारात काय काढताय? ट्यूब लावतो." ट्यूब, वरचा बल्ब, शोकेसमधले दिवे, देव्हाऱ्यातली माळ, सगळं लागतं. खिडकीचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, बल्ब 3000 च्या आसपासचा. कॅमेऱ्याने मानायचं कुणाचं? तो दोघांचंही थोडं थोडं मानतो आणि यजमान अर्धे निळे, अर्धे पिवळे येतात. आपण हळूच एक बटण बंद करावं, तर यजमान तत्परतेने पुन्हा चालू करतात. अशा घरी मी आता आधी चहा मागतो. ते आत गेले की सगळी बटणं बंद.

हे झालं घरांचं. खरं वैर माझं मंगल कार्यालयांशी. हॉलला खिडक्याच नसतात, असल्या तर मखमली पडद्यांनी बुजवलेल्या. स्टेजवर जांभळे एलईडी, त्यात नवरी जांभळी आणि शालू भलताच. व्हिडिओवाला त्याचा सूर्य खांद्यावर घेऊन फिरतो आणि मला कणवेने विचारतो, "साहेब, फ्लॅश विसरलात?" बाहेर लॉनवर न्यावं, तर लग्न मे महिन्यातलं. पुण्यामुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोब्बर टाळूवर. सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खळगे, नाकाखाली एक काळा ठिपका, आणि घामाने ओघळलेली नथीवाली मंडळी. मुहूर्त काढताना गुरुजी चंद्रबळ बघतात. सूर्याचं कुणी विचारत नाही.

तेव्हा नवीन कार्यालय बांधणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. एसी बसवा, लिफ्ट बसवा, सेल्फी पॉइंटही बसवा. पण उत्तरेच्या भिंतीला एक मोठी खिडकी ठेवा. मे ते जुलै एवढे महिने सोडले, तर भर दिवसा तिच्यातून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. आणि कृपा करून तिच्यावर वधूवरांच्या नावाचा फ्लेक्स लावू नका.