मुरुमावरील सायकलारोहण : इच्छुकांस काही सूचना

ज्या डोंगरी रस्त्यावर मोटारीचे दर्शन घडत नाही, तो रस्ता पसंत करण्यापूर्वी तेथे मोटार का फिरकत नाही याची खात्रीलायक चौकशी करावी, हा या शास्त्राचा आद्य नियम होय. सायकलस्वाराच्या फुप्फुसांची काळजी वाहून एखाद्या दयाळू सरकारने सह्याद्रीतील रस्ता मोटारींस मना केला, असे सहसा घडत नाही. माथेरानावर मोटारींस मज्जाव आहे खरा, परंतु त्या बंदीचा लाभ घोडेवाल्यांनी केव्हाच पदरात पाडून घेतला आहे. इतरत्र रस्ता निर्मनुष्य असण्याची कारणे तीनच संभवतात: तो कोठेही जात नाही, तो अर्धा दरीत गेला आहे, किंवा त्यासाठी मंजूर झालेली रक्कम त्याच्या आधीच मुक्कामास पोहोचली आहे. या तिन्ही प्रकारांत सायकलस्वारास सुख आहे. मात्र दुसऱ्या प्रकारात ते अल्पकाळ टिकते.

हा छंद आपल्याकडे उशिरा आला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी 2006 पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत भरते, आणि 2022 साली आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने इटलीच्या व्हेनेतो प्रांतात या प्रकारचे पहिले जागतिक अजिंक्यपद भरवून खडीस अधिकृत प्रतिष्ठा बहाल केली. तेव्हापासून पुण्यातील अनेक सुखवस्तू गृहस्थांस, ज्यांच्या वडिलांनी उमेदीची वर्षे अर्जविनंत्यांत घालवून घरापुढील रस्ता डांबरी करवून घेतला होता, डांबराचा एकाएकी वीट आला.

या कामी लागणाऱ्या वाहनाचे हँडल एडक्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते आणि त्याची किंमत दुभत्या म्हशीहून अधिक असू शकते. टायर 40 मिलिमीटर रुंद असल्यामुळेच हे वाहन खडीवर चालते, असे दुकानदार ग्राहकास विश्वासात घेऊन सांगतो. आता, पेठेत दूध घालणाऱ्या गवळ्याच्या काळ्या सायकलीचा टायर 28 बाय दीड इंच मापाचा, म्हणजे रुंदीला तोच 40 मिलिमीटर असतो, आणि दोन्ही अंगांस भरल्या किटल्या लटकावून तो खडी, चिखल व म्युनिसिपालिटीचे खड्डे तुडवीत कित्येक दशके चालत आला आहे. परंतु हा दाखला दुकानात देऊ नये, व्यवहारात कटुता येते. भेद आहे तो हवेचा. गवळी टायर दगडासारखा होईपर्यंत पंप मारतो. जाणकार 35 पौंडांच्या आसपास थांबतो, त्यामुळे टायर खड्यावर दबतो, पकड राखतो आणि मनगटांस निवृत्तीनंतरही काही काम करता येईल इतपत शाबूत ठेवतो. शिवाय आत ट्यूब न घालता एक पांढरा द्रव ओततात. बाभळीचा काटा रुतला की तो द्रव छिद्राशी धावून गोठतो व गळती बंद करतो. तत्पूर्वी त्याचा काही अंश स्वाराच्या पोटऱ्यांवर उडतो, तो प्रसाद समजावा.

रस्त्याची परीक्षा हा मात्र विस्ताराने सांगण्याचा विषय आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दफ्तरी रस्त्याच्या आयुष्यात मातीकाम, खडीकरण आणि डांबरीकरण असे तीन संस्कार नमूद असतात. मातीकामानंतरच्या पहिल्या पावसात रस्ता ओढ्याच्या मालकीचा होतो, आणि डांबरीकरणानंतर तो मोटारींच्या. खडी पसरून झाली आहे, तीवर मुरूम टाकून पाणी मारले आहे, रूळ फिरून गेला आहे, आणि पुढचे बिल जिल्ह्याच्या ठिकाणी कोणाच्या तरी मेजावर शेऱ्याच्या प्रतीक्षेत पहुडले आहे, असा जो या दोहोंमधला संधिकाल, तोच सायकलस्वाराचा सुवर्णकाळ; आणि लाल फितीस नावे ठेवणाऱ्या मंडळींनी या उपकाराची कधी नोंद घेतली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मुरूम म्हणजे सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट ऊनपावसाने कुजून भुसभुशीत झालेला. कोरडा असता तो चाकाखाली मधुर कुरकुरतो, परंतु आषाढात त्याची अशी राड होते की साखळी, ब्रेक व स्वार यांत वेगळे ओळखू येत नाही. सबब कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ प्रशस्त मानावा.

रस्त्याच्या तोंडाशी असलेला फलक वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक असल्यास त्यावर लांबी, ठेकेदाराचे नाव आणि काम पुरे झाल्याची तारीख आढळते, व पाच वर्षे देखभालीची जबाबदारी त्याच ठेकेदाराकडे असते. अननुभवी मनुष्य नवा रस्ता पाहून हर्ष पावतो. जाणता तारखेत पाच वर्षे मिळवतो आणि त्यावर आणखी दोन पावसाळे गेले आहेत की नाही ते बोटांवर मोजतो. तितके गेले असल्यास डांबर सुटून खालची खडी स्वयंभू प्रकट झालेली असते, आणि असा रस्ता उत्तमांपैकी जाणावा.

निवांत रस्त्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अर्थातच निवांत नसतो. पुणेकराने सायकल मोटारीच्या पाठीस बांधावी, पहाटे निघून कात्रजचा बोगदा ओलांडावा, आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर इतर मोटारींच्या रांगेत, ज्यांच्या पाठीसही सायकली बांधलेल्या आहेत, वाहतुकीपासून मुक्तीची वाट पाहावी.

तेथून भोर तालुक्यात उतरले की हिरडस मावळ आणि रोहिडखोरे ही पुरातन नावे धारण करणारा मुलूख लागतो. भोर गावातून महाडकडे जाणारा वरंधा घाट दरडींच्या भयाने पावसाळ्यात वाहतुकीस बंद केला जातो, आणि तसा आदेश वर्तमानपत्रात आला की काही उत्साही सायकलस्वारांच्या मुद्रेवर सात्त्विक आनंद पसरतो. आदेशातील ‘वाहतूक’ या संज्ञेत सायकल मोडते किंवा कसे, यावर ते चहाच्या टपरीवर कायद्याचा कीस काढतात. आमचे मत असे की तो आदेश दरडीने वाचलेला नसतो, आणि वरून सुटलेला धोंडा खालचे वाहन दुचाकी आहे की चारचाकी याची शहानिशा करीत नाही. म्हणून त्या ऋतूत घरी बसून साखळीस तेल देणे हाच योग्य सायकलयोग होय.

मोटारी नसल्या म्हणजे रस्ता मोकळा असतो हा समज पहिल्या वळणावरच टाकून द्यावा. म्हशींस घंटा ऐकू येते, परंतु ती आपणांस उद्देशून आहे असे त्यांस वाटत नाही. त्या रस्त्याच्या वहिवाटदार आहेत आणि आपण आगंतुक, हे ध्यानी ठेवून उतरावे व थांबावे. धनगराचे कुत्रे अंगावर आले तरी तीच रीत: उतरून सायकल मध्ये धरावी व चालू लागावे, कारण कुत्र्याचा आक्षेप मनुष्यास नसून फिरणाऱ्या चाकास असतो.

वाडीत पाण्यासाठी थांबण्याचा प्रसंग याहून नाजूक आहे. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात भडक पिवळे जाकीट आणि हँडलावर चमकणारे यंत्र पाहून ओसरीवरचे वडीलधारे गृहस्थ उठून उभे राहतात व आशेने विचारतात, “सायेब, मोजणीला आलाय काय?” ‘नाही’ म्हटल्यास त्यांचा चेहरा पडतो आणि ‘होय’ तर मुळीच म्हणू नये. पाणी येते, मागोमाग चहा येतो, आणि मग घरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, शिक्क्यांनी भरलेला अर्जांचा गठ्ठा येतो: रस्त्याअभावी एस.टी. वाडीपर्यंत येत नाही, आजाऱ्यास झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागते, दूध वेळेत पोहोचत नाही. गठ्ठा शेवटच्या पानापर्यंत वाचावा. या प्रसंगी रस्त्याच्या अकृत्रिम सौंदर्याविषयी अवाक्षर काढू नये, आणि आपण तो तसाच राहावा म्हणून इतक्या दुरून आलो हे तर कदापि सांगू नये. “आन् पल्याडनं डांबरी असता हिकडनं कशापायी?” असा प्रश्न आलाच, तर रस्ता चुकलो म्हणावे, आमच्या अनुभवात याहून पटणारे उत्तर अद्याप कोणास सापडलेले नाही.

ज्यांस मोटारीचा मागमूसही सोसवत नाही अशा कट्टर साधकांनी रायरेश्वर गाठावे. शिवाजी महाराजांनी 1645 साली स्वराज्याची शपथ येथे घेतली अशी परंपरा आहे. गाडीरस्ता केंजळगड व रायरेश्वर यांच्यामधील खिंडीशी संपतो. पुढे कड्यास लोखंडी शिडी आहे आणि वर विस्तीर्ण पठारावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी वस्ती. सायकल खांद्यावर घ्यावी, पेडल बरगडीस टोचणार नाही असे पाहावे, आणि खालून येणाऱ्यांच्या शेऱ्यांकडे दुर्लक्ष करून शिडी चढावी. वर पोहोचल्यावर मागून इंजिनाची घरघर ऐकू आल्यास तो श्रमाने झालेला भास समजू नये. तेथील शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर सुटा करून, त्याचे चाक न् चाक अंगाखांद्यावर वाहून, पठारावर नेऊन पुन्हा जोडला आहे. तो येताना दिसताच डावीकडे उतरून अदबीने वाट द्यावी; तोही याच शिडीच्या वाटेने, आणि आपल्याहून पुष्कळ अधिक वजनाचा असून, वर आलेला आहे.