लेकीचा स्विंग कसा जोखावा : कुंपणाबाहेरच्या तज्ज्ञांसाठी मार्गदर्शिका

अमेरिकेतलं एडिसन असो की फ्रीमाँट, एप्रिल लागला की शनिवारी सकाळी मराठी बाप घडीची खुर्ची काखोटीला मारून सॉफ्टबॉलच्या मैदानावर हजर होतो. मुलगी नऊ-दहा वर्षांची. हेल्मेटच्या मागून वेणी बाहेर आलेली, वेणीला संघाच्या रंगाची रिबीन. बापाने स्वतः सॉफ्टबॉल सहसा खेळलेला नसतो. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट आहेत, आणि जिल्हा-विभाग खेळून आलेला एखादा इथेही निघतो. पण तो गप्प बसतो. बाकीच्यांना क्रिकेट येतं, म्हणजे बघता येतं, आणि तेवढ्या शिदोरीवर चेंडूफळीच्या कुठल्याही खेळात मत द्यायला आपण मुखत्यार आहोत, अशी त्यांची खात्री असते.

ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी. आयांसाठी नाही, कारण आया स्कोअर लिहीत असतात आणि त्यांना सामना पाहावा लागतो.

सुरुवात जागेपासून. होम प्लेटच्या मागे जाळीला खेटून बसू नये. तिथून अंपायरची पाठ दिसते, स्विंग दिसत नाही. पहिल्या बेसच्या बाजूला बसावं. उजव्या हाताने खेळणारी मुलगी तिथून समोरासमोर दिसते आणि आपला आवाजही तिच्यापर्यंत बिनचूक पोहोचतो. खुर्चीऐवजी चेंडू ठेवायची पाच गॅलनची बादली, वर गादीचं झाकण, अशी बैठक मिळाली तर सोन्याहून पिवळं. अमेरिकेतल्या सॉफ्टबॉलमध्ये बादलीवर बसलेल्या बापाला जो मान आहे, तो आपल्याकडे पारावर बसलेल्यालाही नसेल. मोबाइल स्लो मोशनवर ठेवावा, सेकंदाला २४० फ्रेम. याहून कमी फ्रेममध्ये मुलीचे दोष नीट दिसत नाहीत.

आता मत. कुठलाही स्विंग पाहिला की आधी तो कोणत्या पंथाचा हे ठरवावं, चेंडू कुठे गेला ते नंतर पाहता येतं. पंथ दोन. लिनिअरवाले म्हणतात, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्या, हात सरळ चेंडूकडे सोडा, बॅट आडवी सपाट जाऊ द्या. रोटेशनलवाले म्हणतात, पुढे जाण्यात ताकद वाया जाते. जात्याची मधली खीळ जशी जागची हलत नाही आणि वरची तळी फिरते, तसं शरीर एका आसाभोवती फिरवा, कंबर आधी, हात मागाहून. दोन्ही पंथांचे क्लास आहेत, शिबिरं आहेत, अर्ध्या तासाच्या शिकवणीचे वेगवेगळे दर आहेत. एका पंथाचा कोच दुसऱ्या पंथाच्या कोचकडून आलेल्या मुलीला आधीचं सगळं विसरायला लावतो. त्याची फी वेगळी.

वंशावळ पाठ असावी, ती वादात फार उपयोगी पडते. रोटेशनलवाल्यांचे मूळपुरुष टेड विल्यम्स. १९४१ साली त्यांची बॅटिंगची सरासरी .४०६ होती, आणि पुढे त्यांनी 'द सायन्स ऑफ हिटिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की कंबर फिरली की हात आपोआप मागे येतात, आणि बॅट किंचित खालून वर जायला हवी, कारण चेंडू उतरत येतो. दुसऱ्या घराण्याचे चार्ली लाउ. स्वतः बॅटर म्हणून यथातथाच, पण कोच म्हणून मोठे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जॉर्ज ब्रेटने १९८० साली .३९० पर्यंत मजल मारली. लाउ यांचा भर वजन मागून पुढे नेण्यावर. ही दोन नावं योग्य वेळी घेतली की शेजारच्या खुर्चीतला गोरा बाप आपल्याकडे आदराने पाहू लागतो. निदान सूर्यफुलाच्या बिया चघळायचं थांबतो.

इथे एक अडचण आहे, ती चारचौघांत काढू नये. दोघेही बेसबॉलवाले. बेसबॉलचा पिचर उंचवट्यावर उभा राहून खांद्यावरून चेंडू फेकतो, म्हणून तो उतरत येतो. सॉफ्टबॉलची पिचर सपाट जमिनीवर उभी असते, हात गरगर फिरवून चेंडू मांडीजवळून सोडते, आणि मोठ्या मुलींचा राइजबॉल तर चढत येतो. अंतरही कमी. चौदा वर्षांखालच्या गटापासून पुढे ४३ फूट, बारा वर्षांखाली ४०, दहा वर्षांखाली ३५. ४३ फुटांवरून ताशी ६५ मैलांचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत अंगावर येतो, आणि पिचर पुढे झेपावून सोडते म्हणून खरा वेळ त्याहूनही कमी मिळतो. २००४ साली एका प्रदर्शनी सामन्यात सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंचने अल्बर्ट पुहोल्सला असंच तीन स्ट्राइकवर परत पाठवलं. बेसबॉलमध्ये भल्याभल्या पिचरना रडवणारा हा माणूस. तेव्हा विल्यम्सचा चढता स्विंग सॉफ्टबॉलला लागू होतो की नाही, हा खरोखर विचार करण्यासारखा प्रश्न आहे. फक्त दहा वर्षांखालच्या गटात तो विचार करू नये. तिथल्या पिचरचा चेंडू आभाळाला नमस्कार करून खाली येतो आणि त्याच्यासाठी विल्यम्सची गरज नाही, थोडा धीर लागतो.

तिसरा पंथ आहे तो बहुतेक बाप विसरतात, कारण तो क्रिकेटमध्ये कुठे बसतच नाही. स्लॅप. डावखुऱ्या बाजूला उभं राहायचं, पिचरचा हात फिरताच बॅटरच्या बॉक्समध्येच पावलं टाकत पुढे निघायचं, आणि धावताधावता चेंडू हळूच शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, ढकलून पहिला बेस गाठायचा. बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलसारखं ९० नाही, आणि डावखुरी मुलगी मुळातच दोन पावलं पुढे उभी असते. चांगल्या स्लॅपर तीन सेकंदांच्या आत पोहोचतात. फक्त चेंडू लागताना पाय पुरता बॉक्सबाहेर जमिनीवर टेकलेला असला तर बाद. नताशा वॉटलीने ही कला घेऊन २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. त्या अमेरिकन संघाने नऊ सामन्यांत ५१ धावा केल्या आणि एकच दिली. तुमची मुलगी चपळ असेल आणि कोचने तिला डाव्या बाजूला उभं केलं, तर "अहो, ती उजवी आहे" असं मैदानात ओरडून सांगू नये. त्यांना ते माहीत आहे.

क्रिकेटचा वारसा पोहोचवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी बापाचं खरं योगदान इथेच आहे. मुलगी बॅट घेऊन उभी राहिली की "कोपर वर!" ही पहिली हाक येते. गावस्करांचं डावं कोपर डोळ्यांपुढे असतं. ती बिचारी कोपर वर नेते, बॅटचं टोक खाली पडतं, आणि खांद्याच्या उंचीवरचा चेंडू तिच्या बॅटवरून निघून जातो. दुसरी हाक, "पाय पुढे काढ." क्रिकेटमध्ये टप्प्यापर्यंत पाय न्यायचा असतो. इथे टप्पाच नाही, सगळे फुलटॉस. पाय वीतभर पुढे टाकून तो जमिनीत रोवायचा, नाहीतर कंबर फिरायला आधार उरत नाही. तिसरी हाक सर्वांत महाग. "सोड!" ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणं म्हणजे संस्कार, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. पण काखेपासून गुडघ्यापर्यंत आणि प्लेटवरून गेलेला चेंडू सोडला की तो स्ट्राइक, आणि तीन झाले की बाद, परत डगआउटमध्ये. वडिलांच्या शिस्तीत वाढलेली मुलगी तिन्ही चेंडू अत्यंत शैलीदारपणे सोडून परत येते. एखादीने बचावात्मक खेळून चेंडू पायाशी मारलाच, तर कौतुकाच्या अपेक्षेने ती तिथेच उभी राहते. इथे चेंडू लागला की धावणं सक्तीचं, हे तिला कॅचरने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकल्यानंतर कळतं.

मग "किडा चिरड" हा मंत्र. अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांनी मुलांना सांगितलं की स्विंग करताना मागच्या पायाच्या चवड्याखाली किडा आहे असं समजून तो चिरडायचा. बापाला हे फार आवडतं, कारण समजतं. आता तुमचा २४० फ्रेमचा व्हिडिओ काढा, पण लेकीचा नको, एखाद्या नामांकित खेळाडूचा. जोसेलिन अॅलोचा घ्या; २०२२ पर्यंत तिने ओक्लाहोमा विद्यापीठाकडून १२२ होम रन मारले, कॉलेज सॉफ्टबॉलमधला विक्रम. असे स्विंग एकेक फ्रेम करून पाहिले की चेंडू लागण्याच्या क्षणी मागचा पाय हलका झालेला दिसतो, पुष्कळदा टाचेसकट उचललेला, घासत पुढे आलेला. किडा सुखरूप. वजन पुढे गेलेलं असतं, म्हणजे लिनिअरवाले खरे. पुढचा पाय ताठ होऊन अडवतो आणि त्याच्यावर कंबर गिरकी घेते, म्हणजे रोटेशनलवालेही खरे. मागचं कोपर बरगडीला लागून वाकलेलं, हनुवटी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे सरकत असलेली, नजर चेंडूवर. अॅलो असो की दुसरी कुणी, बंदुकीच्या गोळीसारखा चेंडू मारतानाची ही एक फ्रेम सगळ्यांची जवळपास सारखी. दोन पंथ एकाच स्विंगचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध घेऊन भांडत बसलेत, असं माझं मत झालं आहे. ते मी पार्किंगमध्ये बोलून दाखवत नाही, कारण तिथे एकेकाने बॅटच्या मुठीला लावायचा सेन्सर विकत घेतलेला असतो आणि त्यात स्विंगचा कोन अंशांमध्ये येतो.

बॅटबद्दल दोनच वाक्यं. चारशे डॉलरची काँपोझिट बॅट घेतली म्हणजे दहा वर्षांच्या मुलीचा वेळ साधत नाही. तीस इंची बॅट एकोणीस-वीस औंसांची असली आणि तिला ती एका हाताने सरळ समोर धरून थोडा वेळ ठेवता आली, तर ती बॅट तिची.

सामना संपल्यावर गाडीत पृथक्करण करायची रीत आहे. घरी पोहोचायला वीस मिनिटं लागत असतील तर एकोणीस मिनिटं कंबरेच्या कोनावर बोलता येतं. मुलगी मागच्या सीटवर मैत्रिणींनी डगआउटमध्ये म्हटलेली घोषणा गुणगुणत असेल तर आवाज वाढवावा. अशा पृथक्करणाचा परिणाम पुढच्या शनिवारी हमखास दिसतो. मुलगी चेंडूकडे बघायचं सोडून पहिल्या बेसच्या बाजूला बघते, तुम्ही काय म्हणताय ते.

आणि उशिरा मारलेला सुंदर स्विंग हा स्ट्राइकच असतो. या वयात मुलींचा चेंडू चुकतो तो बहुतेक वेळा पंथामुळे नाही, वेळ साधली नाही म्हणून. पिचरचा हात वर गेला की आपण तयार, हात खाली आला की पाय टाकायचा, एवढा ठेका तिला स्वतःला सापडायचा असतो. तो बादलीवरून ओरडून देता येत नाही. परसात चेंडू वर ठेवून मारायचा एक टी रोवा, समोर जुनी जाळी बांधा, तिला वाटेल तसे आणि वाटेल तितके चेंडू मारू द्या, आणि जाळीखालून ते गोळा करून आणायचं काम तोंड मिटून तुम्ही करा.